पक्षाघातोत्तर दैनंदिन जीवन : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

गोंदियाच्या शेजारील गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेने केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ग्रामीण भागातील सुमारे सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने झाल्याचे आढळले. जे वाचतात त्यांच्या पुढील दिनक्रमाचा विचार मात्र अपुराच होतो.

रुग्णाचे स्वावलंबन मोजण्यासाठी १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक आजही वापरला जातो. जेवण, स्नान, शौच, चालणे, जिना चढणे अशा दहा क्रियांसाठी त्यात एकूण १०० गुण असतात. (जिन्याच्या कसोटीस खेड्यातील एकमजली घरात फारसा अर्थ उरत नाही.) जमिनीवर मांडी घालून वा उकिडवे बसणे आणि तेथून उठणे यांना मात्र स्वतंत्र गुण नाहीत. रोवणीच्या वेळी चिखलात वाकून मागे सरकणे, अरुंद धुऱ्यावरून तोल सांभाळणे ही कामे तर निर्देशांकाच्या कक्षेबाहेरचीच होत. तेंदूपानाची विडी वळून दोरा बांधण्यास दोन्ही हातांची बोटे लागतात, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. परिणामी १०० गुण मिळविणारी स्त्रीही, बोटांची सूक्ष्म हालचाल परत न आल्यास, मजुरीस मुकते. पाने निवडणे, विड्या मोजणे ही एका हाताने होणारी कामे तेवढी तिच्याकडे उरतात.