डिस्क बिघडली, माहिती वाचली

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि शेजारच्या दापोली, मंडणगड तालुक्यांनाही त्याने झोडपून काढले. केळशी, आंजर्ले परिसरात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले, आणि वीज परत यायला बरेच दिवस लागले. अशा वेळी माणसे आणि जनावरे सुखरूप आहेत ना, हेच आधी पाहिले जाते. घरातील संगणकाची आठवण उशिरा होते. पण मोडीतील जुने कागद, सातबाराचे उतारे, आजोबांच्या आवाजातील आरत्यांच्या कॅसेट, चैत्रातल्या महालक्ष्मीच्या उत्सवाची छायाचित्रे असे सारे एकाच हार्ड डिस्कवर उतरवून मूळ कागद वाळवीच्या स्वाधीन केले असतील, तर ती डिस्क हाच त्या घराचा दप्तरखाना असतो.

अशा दप्तरखान्यासाठी आता घरगुती सर्व्हर वापरले जातात. हा सर्व्हर म्हणजे सतत चालू असणारा, दोन-चार हार्ड डिस्क बसवलेला साधा संगणक. तयार पेटीच्या स्वरूपात तो बाजारात मिळतो. जुन्या संगणकावर लिनक्स बसवूनही तो करता येतो. एक डिस्क बिघडली तरी माहिती शाबूत राहावी, हा अनेक डिस्क लावण्याचा हेतू. या रचनेला ‘रेड’ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एका निबंधात ती मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापराव्यात आणि त्या बिघडणार हे गृहीत धरूनच मांडणी करावी, असा त्यांचा युक्तिवाद होता.

माहिती टिकवण्यासाठी ती मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगणे ही कल्पना मात्र फार जुनी आहे. घनपाठी वैदिक पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला आणि पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा अशा क्रमाने शब्द म्हणतात. एखादा शब्द निसटला किंवा बदलला, तर तो बाकीच्या आवर्तनांत लगेच उघडा पडतो. संगणकाने काही वेगळे केलेले नाही.

रेडचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे आरसा. दोन डिस्कवर तंतोतंत तेच लिहिले जाते. त्यात निम्मी जागा खर्ची पडते. ती वाचवण्यासाठी ‘रेड पाच’ हा प्रकार आला, आणि त्यामागचे गणित शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. तीन डिस्कवर एकाच जागी १, ० आणि १ हे अंक आहेत असे समजा. चौथ्या डिस्कवर असा अंक लिहायचा, की चारही मिळून १ ची संख्या सम राहील. येथे तो ० होईल. आता तिसरी डिस्क बंद पडली, तर उरले १, ० आणि ०. यात १ ची संख्या विषम आहे, म्हणजे गेलेला अंक १ असलाच पाहिजे. दुसरी डिस्क गेली असती, तर उरलेल्या १, १ आणि ० यांत ही संख्या समच राहिली असती. अर्थात गेलेला अंक ०. प्रत्यक्षात हा पडताळ्याचा अंक एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सर्व डिस्कवर पसरवला जातो. ४ टेराबाइटच्या चार डिस्क असतील, तर वापरायला १२ टेराबाइट मिळतात आणि कोणतीही एक डिस्क जाऊ शकते. ‘रेड सहा’मध्ये दोन डिस्क गेल्या तरी निभावते; जागा मात्र ८ टेराबाइटच उरते. ‘रेड शून्य’ मात्र नावालाच रेड आहे. त्यात पडताळ्याचा अंक नसतो आणि एक डिस्क गेली की सारेच जाते.

घरासाठी दोन डिस्कचा आरसा बहुधा पुरेसा असतो. जागा थोडी वाया जाते हे खरे, पण अडचणीच्या वेळी त्यातील एक डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर ती सहसा वाचता येते. रेड पाचमधील एकटी डिस्क वाचून हाती काहीच लागत नाही. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेऊ नयेत. एकत्र जन्मलेल्या डिस्क एकत्र आजारी पडण्याचा संभव अधिक. डिस्कची जातही विचारून घ्यावी. काही डिस्कमध्ये जागा वाचवण्यासाठी माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, आणि अशा डिस्क पुनर्बांधणीच्या वेळी फार मंदावतात. सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आपल्या काही डिस्क या जातीच्या असल्याचे वेस्टर्न डिजिटल या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये मान्य केले होते.

कोकणात हवेचा आणि विजेचा प्रश्न वेगळाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरमधील दहा लाखांहून अधिक डिस्कचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्क बिघडण्यामागे तापमानापेक्षा हवेतील दमटपणाचा वाटा मोठा आहे, असे त्यात दिसून आले. केळशीसारख्या खाडीकाठच्या गावात पावसाळ्याचे चार महिने दमटपणाची कमतरता नसते, आणि त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. म्हणून सर्व्हर समुद्राकडच्या पडवीत किंवा ओल येणाऱ्या भिंतीलगत ठेवू नये. तो सतत चालू राहिलेलाच बरा, कारण त्याच्या उबेने आत दव धरत नाही. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर एका डिस्कवर नवा मजकूर आणि दुसरीवर जुना पडताळा असा घोटाळा होतो. घरातील इन्व्हर्टरवर भिस्त ठेवण्याऐवजी सर्व्हरला तारेने जोडता येणारा छोटा यूपीएस घ्यावा. बॅटरी संपत आली की तो सर्व्हरला इशारा देतो आणि सर्व्हर रीतसर बंद होतो. वळवाच्या गडगडाटात मात्र विजेची आणि इंटरनेटची, अशा दोन्ही तारा काढून ठेवण्याला पर्याय नाही.

सगळी काळजी घेऊनही एक दिवस डिस्क बिघडते. तेव्हा घाई करू नये. गुगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिला दोष आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यात आढळले. म्हणजे डिस्क पुष्कळदा आधी खुणावते; ती खूण ई-मेलने मालकापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. बिघाडाची सूचना आली, की प्रथम सर्वांत मोलाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. मग तार सैल आहे का ते पाहावे; खाऱ्या हवेत पुष्कळदा दोष डिस्कचा नसून जोडणीच्या टोकांचा निघतो. त्यानंतर बिघडलेल्या डिस्कचा अनुक्रमांक पडद्यावर वाचून तो प्रत्यक्ष डिस्कवरील चिठ्ठीशी ताडून पाहावा. चांगली डिस्क उपसून बाजूला ठेवणे आणि बिघडलेली आत ठेवणे ही चूक हमखास होणाऱ्यांपैकी आहे.

नवी डिस्क बसवली की पुनर्बांधणी सुरू होते. सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने ४ टेराबाइट लिहायला साडेसात तासांच्या आसपास वेळ लागतो. सर्व्हर वापरात असेल तर त्याहून अधिक. या काळात उरलेल्या डिस्क सलग वाचल्या जातात आणि वर्षानुवर्षे न वाचलेल्या कोपऱ्यातील दोष नेमका तेव्हा बाहेर येतो. म्हणूनच महिन्यातून एकदा सर्व डिस्क पूर्ण वाचून पडताळण्याची सोय असते. डेबियन लिनक्समध्ये ते काम महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते. साध्या आरशात दोन प्रती जुळल्या नाहीत, तर खरी कोणती हे मात्र यंत्राला ठरवता येत नाही. झेडएफएससारख्या पद्धतीत प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा ताळा लिहिलेला असतो, त्यामुळे चुकीची प्रत ओळखून ती दुरुस्त करता येते.

रेड पाचमधील दोन डिस्क एकदम बाद झाल्या, तर प्रसंग बाका खरा, पण नेहमीच सर्वनाश नसतो. तारेच्या किंवा विजेच्या दोषाने दुसरी डिस्क केवळ बाहेर फेकली गेलेली असू शकते. अशा वेळी पडद्यावर ‘नवी रचना तयार करा’ असे सुचवले गेले, तर त्याला हात लावू नये. त्याने जुना आराखडा पुसला जातो. प्रत्येक डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर उतरवून, मूळ डिस्क बाजूला ठेवून, जोडणीचे सारे प्रयोग प्रतींवर करावेत. डिस्कमधून कटकट आवाज येत असेल, तर ती तत्काळ बंद करून माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावी.

हे सगळे झाले तरी रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर व्हायरस आरशालाही सोडत नाही. आणि छप्पर उडाले तर चारही डिस्क एकाच पावसात भिजतात. यासाठी तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातील एक घराबाहेर असा नियम सांगितला जातो. केळशीत सर्व्हर आणि मुंबई-पुण्याच्या घरी दुसरी प्रत, अशी सोय कोकणातील अनेक कुटुंबांना सहज जमण्यासारखी आहे. मुंबईची प्रतही तळमजल्यावर नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पहिली प्रत इंटरनेटवरून पाठवण्याचा हट्ट धरू नये. सेकंदाला १० मेगाबिट या वेगाने १ टेराबाइट चढवायला नऊ दिवसांहून अधिक लागतात. तीच डिस्क दापोलीहून एसटीने एका दिवसात मुंबईला पोहोचते. पुढे रोज रात्री फक्त बदललेला भाग पाठवला की झाले. दूरच्या प्रतीला कुलूपशब्द घालावा आणि तो कुटुंबातील किमान दोघांना ठाऊक असावा. गणपतीला सारे गावी जमतात, तेव्हा त्या प्रतीवरून एखादा जुना फोटो किंवा एखादी आरती प्रत्यक्ष उघडून पाहता येते.