वाटणी आधी, घर मागाहून

आचरे, मसुरे, कांदळगाव, वायरी अशा मालवण तालुक्यातील कोणत्याही गावी जाऊन एखाद्या जुन्या घराखालच्या जमिनीचा सातबारा पाहिला, तर त्या एका कागदावर दोन-तीन पिढ्यांची नावे दाटीवाटीने नोंदलेली आढळतात. त्यांतील काही मंडळी मुंबईत स्थायिक झालेली असतात, काहींच्या पश्चात वारसनोंदच झालेली नसते, आणि तरीही थोरल्याचे माड कोणते, धाकट्याचा गडगा कोठवर व विहिरीवर कोणाकोणाचा हक्क, हे सबंध वाडीला तोंडपाठ असते. ही तोंडी वाटणी नित्याच्या व्यवहाराला पुष्कळ वर्षे पुरते. परंतु ज्या दिवशी एखादा भाऊ आपल्या वाट्यात वेगळे घर बांधू पाहतो किंवा बँकेकडे कर्ज मागतो, त्या दिवशी सरकारदप्तरी आपल्या एकट्याचे असे काहीच नाही, हे त्याला कळून चुकते. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा त्याच्या नावे असला, तरी तो घरपट्टीचा दाखला होय. जमिनीच्या मालकीचा पुरावा नव्हे.

या गुंत्याचे मूळ कोकणच्या वस्तीतच आहे. घाटावर गाव बहुधा गावठाणात एकवटलेले असते, तर येथे घरे वाड्यावाड्यांतून विखुरलेली असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांची राहती जागासुद्धा दप्तरी पुष्कळदा शेतजमीनच राहिली. त्यात १९४८ च्या कुळकायद्याने काही उताऱ्यांवर कुळांची नावे आली. आणि २००५ ची हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती व सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय यांमुळे वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा जन्मसिद्ध हक्क निर्विवाद ठरला असल्याने, बहिणींना वगळून केलेली वाटणी आज ना उद्या मोडल्यावाचून राहत नाही.

म्हणून पहिले काम वारसनोंदी पुऱ्या करून सर्व हिस्सेदारांना एकत्र बसविण्याचे. गणेशचतुर्थीला चाकरमानी घरी आलेले असतात. हा विषय काढण्यास त्याहून योग्य वेळ कोकणात दुसरी नाही. ज्यांना आपला हिस्सा सोडावयाचा असेल, त्यांनी हक्कसोडपत्र नोंदणीकृत करावे. सर्व सहधारकांची संमती असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ अन्वये तहसीलदार वाटप करून देऊ शकतात. हक्काविषयीच वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो, आणि तेथील हुकूमनाम्यानंतरही सरकारसारा असलेल्या जमिनीची प्रत्यक्ष फाळणी महसूल खात्यामार्फतच होते.

संमती झाली तरी तुकडेबंदी कायद्याचा विचार उरतोच. १९४७ च्या या कायद्याप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पडेल अशी शेतजमिनीची वाटणी वा विक्री करता येत नाही, आणि २०२३ च्या अधिसूचनेने हे क्षेत्र जिराईतासाठी २० गुंठे व बागाईतासाठी १० गुंठे ठरविले. समजा, १८ गुंठ्यांचे भरड तीन भावंडांत वाटावयाचे आहे. प्रत्येकास ६ गुंठे, म्हणजे सुमारे ६०७ चौरस मीटर येतात. घरासाठी ही जागा ऐसपैस असली, तरी शेतजमीन म्हणून तो तुकडाच होय. नगरपरिषदेच्या हद्दीत आणि प्रादेशिक योजनेने निवासी ठरविलेल्या क्षेत्रात हा निर्बंध आड येत नाही, व २०२५ पासून शासनाने सवलतींचा आणखी विस्तार आरंभिला आहे. इतरत्र आधी बिनशेती व मग मंजूर रेखांकन हाच सरळ मार्ग. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आतील जमिनीस संहितेच्या कलम ४२-ड चा आधार मिळतो, आणि रूपांतर कर व आकारणी भरून ती बिनशेती झाल्याचे मानले जाते.

रेखांकनाची मंजुरी मालवण शहरात नगरपरिषद देते, तर खेड्यांत बहुतेक ठिकाणी नगररचना खात्याच्या अभिप्रायाने जिल्हाधिकारी. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे प्रत्येक भूखंडास विहित रुंदीचा रस्ता पोहोचलाच पाहिजे, आणि मूळ जमीन ४,००० चौरस मीटर वा अधिक असेल, तर दहा टक्के क्षेत्र मोकळे सोडावे लागते. तेव्हा वाट्याचे गणित एकूण क्षेत्रावर न मांडता रस्ता वजा जाऊन उरणाऱ्या जागेवर मांडावे.

किनाऱ्यालगत याहून मोठी दक्षता हवी. देवबागेची चिंचोळी पट्टी घ्या: एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास कर्लीची खाडी. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५०० मीटरांपर्यंत नियमन असून, त्यातील पहिले २०० मीटर, आणि दाट वस्तीच्या गावांत ५० मीटर, बांधकामनिषिद्ध धरले आहेत. खाडीकाठासाठी वेगळी मर्यादा आहे. अशा जमिनीचे फुटपट्टीने दोन समान भाग पाडले आणि समुद्राकडचा एका भावाच्या वाट्यास आला, तर क्षेत्रफळ सारखे राहूनही घर मात्र एकालाच बांधता येईल. यास्तव मंजूर किनारा नकाशा पाहिल्यावाचून वाटणीची रेघ मुळीच ओढू नये.

यानंतर पोटहिस्सा मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे करावयाचा. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, आणि नेमल्या दिवशी भूकरमापक हल्ली उपग्रहावर चालणारे रोव्हर यंत्र घेऊन येतो. पावसाळ्यागणिक ढासळून पुन्हा रचलेला गडगा कागदावरील हद्दीपासून हात-दोन हात सरकलेला त्या दिवशी दृष्टीस पडतो, आणि मुळाशी चिरा लावून ठेवलेला जुना फणस कोणाच्या हद्दीत, याचाही उलगडा होतो. निशाण्या तेथल्या तेथे पक्क्या कराव्यात व नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवावी. आकारफोड होऊन तलाठ्याकडे फेरफार पडतो, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, आणि मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केल्यावर नव्या हिस्सा नंबराचा स्वतंत्र सातबारा तयार होतो.

या साऱ्यांत हमखास विसरली जाते ती वाट. सातबारा क्षेत्र सांगतो. पाणंद, व्हाळाकाठची पायवाट आणि विहिरीवरचा पाण्याचा हक्क सांगत नाही. भाऊ नांदत असतात तोवर कोणी अडवीत नाही. पुढल्या पिढीत कुंपण पडते, आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दावे उभे राहतात. वाटेची रुंदी, विहिरीचा वापर आणि मूळ घरातील गणपतीच्या खोलीवर सर्वांचा हक्क, हे वाटणीपत्रात अक्षरशः लिहून घ्यावे. आधी घर व मागून वाटणी असा उलटा क्रम धरल्यानेच आपल्याकडील बहुतेक तंटे माजले आहेत. ज्यांना या हद्दी तोंडपाठ आहेत ती वडीलधारी माणसे हयात आहेत, तोवर हे काम सलोख्याने व थोड्या खर्चात होण्यासारखे आहे. त्यांच्या पश्चात हाच प्रश्न न्यायालयात जाईल, आणि तेथे साक्षीला कोणी उरणार नाही.