पसंतीक्रमाचा विवेक

दहावीचा निकाल लागला की हिंगोली जिल्ह्यातील अनेक पालकांची पावले लातूरकडे वळतात. तेथील यश कौतुकास्पद आहेच. परंतु खोलीभाडे, खानावळ आणि शिकवणी यांचा दोन वर्षांचा खर्च सोयाबीनच्या उत्पन्नातून निघेल काय, हा हिशेब अर्ज भरण्यापूर्वीच मांडला पाहिजे.

२०२५ साली अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. अर्जात दहापर्यंत महाविद्यालये सुचविता येत. मात्र पहिली पसंती मिळूनही प्रवेश न घेणाऱ्यास पुढील नियमित फेऱ्या बंद होत. म्हणून पहिले नाव मित्राच्या अर्जात पाहून लिहू नये. २०२४ साली हिंगोलीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर मिळतो, अकरावी कोठे केली, हे तेथे कोणी विचारीत नाही.

मग पाहावे काय? आपल्या विषयाचे शिक्षक नेमलेले आहेत काय, तास नियमित होतात काय, प्रयोगशाळेचे कुलूप निघते काय, जाण्यायेण्यास वेळेवर एस. टी. आहे काय. हे माहितीपत्रकात सापडत नाही. तेथे शिकणाऱ्या मुलांनाच विचारावे. जेथे केवळ हजेरीपट भरतो, तेथे प्रवेश घेणे म्हणजे आईबापांचे कष्ट पाण्यात घालणे होय. मग ते महाविद्यालय गावातले असो वा लातूरचे.