भोंगा वाजला तर जायचं कुठं?

— ऊस विकास अधिकारी



शेतकी खात्याचा माणूस लिहायला बसला म्हणजे लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, नाहीतर खोडव्यातले पाचट यावर काहीतरी असणार, असे धरूनच आपण हे पान उघडता. या अंकात मात्र आम्ही पालघर जिल्ह्याची हकीकत देत आहोत. तो काही उसाचा पट्टा नव्हे. भात, गवत, डहाणू-घोलवडचे चिकू आणि किनाऱ्याला मासेमारी, असा तो मुलूख. पण आपल्या भागातली आयटीआय झालेली पोरं बोईसरच्या कारखान्यांत पाळ्या करतात, सणावाराला गावी येतात, त्यामुळे तो आपल्याला अगदीच परका नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा. त्यात किती तऱ्हेची संकटे शेजारी-शेजारी नांदतात बघा. तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे २००५-०६ मध्ये तिथेच आणखी दोन मोठ्या अणुभट्ट्या आल्या. त्याच्या जवळच बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, रसायने आणि औषधे बनवणाऱ्या कारखान्यांची. उत्तरेला डहाणू-तलासरीच्या अंगाला नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका. आणि पश्चिमेला सातपाटी, दांडीसारखी कोळ्यांची गावे, ज्यांना वादळाचा सांगावा आला की होड्या ओढून घ्याव्या लागतात.

औद्योगिक वसाहतीतले दोन प्रसंग सांगतो. ११ जानेवारी २०२० रोजी संध्याकाळी एका कारखान्यात स्फोट झाला, आठ माणसे गेली. दुसरा अगदी अलीकडचा, २१ ऑगस्ट २०२५ चा. एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार दगावले. वायू कोणता, तर नायट्रोजन. आपण श्वास घेतो त्या हवेत चार भागांतले तीन भाग हाच असतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो विषारीही नाही. फक्त कोंडलेल्या जागेत तो भरला की प्राणवायूला बाहेर ढकलतो. माणसाला गुदमरल्याचेही कळत नाही, दोन-चार श्वासांत तो खाली बसतो. आणि त्याला उचलायला दुसरा धावतो, तोही तिथेच पडतो.

मंडळी, हे वाचून आपल्या शिवारातली जुनी विहीर डोळ्यांपुढे येत नाही का? गोबरगॅसची टाकी, मळीची टाकी, आसवनीतल्या सांडपाण्याचा हौद, सगळीकडे गोष्ट तीच. वायूचे नाव वेगळे, कुठे कर्बवायू, कुठे कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. या दुसऱ्याचा वास तर जास्त झाला की नाकाला कळेनासा होतो, म्हणजे वास गेला म्हणून धोका गेला असे समजणारा फसतो. पहिला माणूस अपघाताने मरतो. दुसरा आणि तिसरा मायेपोटी मरतात. त्यांना कोणी शिकवलेले नसते एवढाच त्यांचा गुन्हा. कमरेला दोर बांधून, दोर धरणारे दोघे वर ठेवून, पंख्याने आत हवा सोडून मगच उतरायचे, आणि हवेचा मुखवटा नसेल तर पडलेल्यासाठीसुद्धा उतरायचे नाही, ही गोष्ट ऐकायला कठोर आहे. ती आयत्या वेळी कोणी ऐकत नाही. ती आधी अंगवळणी पडावी लागते, आणि त्यालाच प्रशिक्षण म्हणायचे.

या कामाला सरकारी चौकट नाही असे नाही. उलट चौकटी पुष्कळ आहेत. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला वायुकांड झाले, त्यानंतर कारखाना कायदा १९८७ मध्ये बदलला, १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले आणि १९९६ मध्ये रासायनिक अपघातांसाठी आणखी एक नियमावली आली. तिच्यात प्रत्येक औद्योगिक पट्ट्यासाठी स्थानिक आपत्ती गट सांगितला आहे. त्या गटात प्रांताधिकारी, कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी तर आहेतच. शिवाय आसपासच्या गावांचे सरपंच, परिसरातले डॉक्टर, इतकेच काय स्थानिक वृत्तपत्राचा संपादकसुद्धा आहे. दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम घ्यावी असेही त्यात लिहिले आहे. आम्हाला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते. तालमीच्या दिवशी सरपंच आणि कारखान्याचा सुरक्षा अधिकारी एकमेकांना नावाने हाक मारतात की नाही, यावरून तो गट कागदावर आहे की गावात, हे ओळखावे.

अणुकेंद्राची तऱ्हा निराळी. तिथे केंद्राच्या कुंपणाआतली जबाबदारी केंद्राची आणि बाहेरची जिल्हाधिकाऱ्यांची. सोळा किलोमीटरच्या पट्ट्यातल्या गावांसाठी आराखडा असतो. वारा कुठून कुठे वाहतो, कोणत्या गावाने दारे-खिडक्या लावून घरात बसायचे, कोणाला कोणत्या रस्त्याने हलवायचे, आयोडिनच्या गोळ्या कोणी वाटायच्या, हे सगळे त्यात ठरवलेले असते. त्याच्या तालमीही ठराविक काळाने होतात.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची ‘ऑपरेशन अभ्यास’ नावाची तालीम झाली, ती आपल्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रात वाचली असेल. त्या यादीत महाराष्ट्रातली तीनच ठिकाणे पहिल्या श्रेणीत होती: मुंबई, उरण आणि तारापूर. भोंगे वाजवणे, दिवे घालवणे, माणसे सुरक्षित जागी हलवणे, असा तो कार्यक्रम. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा, मुळात लढाईसाठी केलेला. पुढे तो दुरुस्त करून पूर-भूकंपाचे कामही त्यात घातले गेले. या दलातले बहुतेक लोक पगारी नाहीत. दुकानदार, मास्तर, कारकून, कामगार असे स्वयंसेवक आहेत.

मध्यंतरी बोईसरला जाणे झाले तेव्हा चहाच्या टपरीवर आम्ही एका कंत्राटी कामगाराला विचारले, “दादा, भोंगा वाजला तर जायचं कुठं?” तो हसला. म्हणाला, “साहेब, भोंगा तर रोजच वाजतो, पाळी बदलायचा.” आता आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या भोंग्यावर पंचक्रोशीतल्या बायका चुली पेटवतात. पण मळीच्या टाकीला किंवा आसवनीला काही झाले आणि भोंगा झाला, तर तो पाळीचा की धोक्याचा हे कोण सांगणार? नागरी संरक्षणात याचा ठराव साधा आहे. दोन मिनिटे आवाज वर-खाली होत राहिला तर धोका, दोन मिनिटे एकसारखा राहिला तर धोका टळला. एवढे शाळेतल्या पोरांना शिकवले तरी घरोघर पोचते.

वायू सुटला तर वाऱ्याच्या पुढे पळू नये, वाऱ्याला आडवे होऊन बाजूला निघावे. क्लोरीन हवेपेक्षा जड, ओढ्या-नाल्यात साचतो, म्हणून चढाकडे जावे. ओले फडके नाका-तोंडाला धरावे. अल्कोहोलची आग दिवसा उजेडात फिकी दिसते आणि साधा फेस तिच्यावर टिकत नाही, तिला वेगळ्या जातीचा फेस लागतो. म्हणून आसवनीच्या बाजूला बघ्यांनी गर्दी करायची नसते.

भूकंपाचे थोडे सांगतो. डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी भागात त्या हिवाळ्यात लोक घराबाहेर, तंबूत झोपले. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्यात घाबरून पळताना एक लहान मूल दगावले. धक्का चारच्या आसपासचा, म्हणजे भूकंपशास्त्रात मोठा नव्हे. तेव्हा त्या मुलाचा जीव जमिनीच्या हादऱ्याने गेला की धावपळीने, याचा विचार करावा. तिकडच्या वारली लोकांची कुडाची हलकी घरे मातीत रचलेल्या विटांच्या भिंतींपेक्षा धक्का बरा सोसतात. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसे गाडली गेली, ती मुख्यत्वे जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या माळवदाखाली. तसली घरे आपल्या गावठाणात अजून आहेत.

आता स्वयंसेवकांच्या शिक्षणाकडे वळतो. होमगार्ड ही संस्था मुंबईत ६ डिसेंबर १९४६ रोजी निघाली. नागपूरला नागरी संरक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ मध्ये सुरू झाले. म्हणजे महाराष्ट्राला हे शिक्षण नवे नाही. अलीकडची योजना म्हणजे ‘आपदा मित्र’. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये तीस पूरप्रवण जिल्ह्यांत ती सुरू केली आणि नंतर साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवली. अठरा ते चाळीस वयाची माणसे, बारा दिवसांचे शिक्षण, त्यात प्रथमोपचार, छाती दाबून श्वास चालू करणे, दोराच्या गाठी, पुरातून माणूस काढणे, आग विझवणे. शेवटी लाइफ जाकीट, दोर, विजेरी वगैरे असलेली पिशवी आणि विमा. जिल्हाधिकारी कचेरीतल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षातून हे काम चालते.

हे सगळे आपल्याला कशाला, असे म्हणणारा सभासद २०१९ चा ऑगस्ट विसरला असला पाहिजे. कृष्णा-पंचगंगेला पूर आला तेव्हा पुणे-बेंगलोर रस्ता कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता. राष्ट्रीय आपत्ती दलाची तुकडी तळेगावजवळ सुदुंबऱ्याला असते. रस्ताच पाण्याखाली असेल तर ती यायची कशी? ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला गावातलीच होडी उलटली. माणसे फार झाली होती, अंगात जाकिटे नव्हती. होडी होती, वल्हवणारे होते, मदत करण्याची इच्छा तर होतीच होती. किती माणसांवर होडी सोडायची नाही आणि जाकिटाशिवाय पाय ठेवू द्यायचा नाही, हे ठणकावून सांगण्याचा अधिकार ज्याला सगळे गाव मानते, असा शिकलेला माणूस काठावर असावा लागतो. आपल्याकडे असा माणूस प्रत्येक नदीकाठच्या गावात आहे का, हे गट कार्यालयात बसून आम्ही मोजून पाहिले. उत्तर छापण्यासारखे नाही.

अडचणही सांगितली पाहिजे, कारण ती खरी आहे. बारा दिवस म्हणजे बारा दिवसांची मजुरी बुडते. ज्याच्याकडे दहा एकर आहे त्याला ते परवडते, पण पट्टीचा पोहणारा बहुधा एकराचा धनी असतो, नाहीतर भूमिहीन. निव्वळ ‘समाजसेवा’ म्हणून त्याला बोलावणे आम्हाला पटत नाही. बोईसरलाही कंत्राटी कामगाराचे दुखणे हेच, की शिक्षणाचा दिवस हजेरीत धरतात का? तेव्हा शेतकी खात्यातर्फे आम्ही संचालक मंडळापुढे असे मांडले आहे की, निवडलेल्या माणसाला या दिवसांची मजुरी कारखान्याने द्यावी. ती मंजूर व्हायची तर प्रश्न वार्षिक सभेत सभासदांनीच विचारला पाहिजे. शेतकी खाते कागद पुढे सरकवते, मत आपले असते.

शिक्षण मे महिन्यात बसवावे असे आमचे म्हणणे आहे. तोवर गळीत संपलेले असते, टोळ्या गावी गेलेल्या असतात, आडसाली लागण अजून लांब असते आणि नदीला पाणी यायला महिनाभर असतो. ऊसतोड टोळ्यांसाठी मात्र वेगळा अर्धा दिवस हंगाम उघडतानाच काढावा लागेल, कारण पाचटाच्या खोपी आणि वरून लोंबणाऱ्या विजेच्या तारा त्यांच्याच वाट्याला असतात. फडाला आग लागली तर आत शिरून कोयता चालवायचा नसतो, वारा जिकडे जातो तिकडे पुढे जाऊन पट्टा मोकळा करायचा असतो, हे मुकादमांना दाखवूनच द्यावे लागेल.

प्रत्येक गावातून दोन पुरुष आणि एक बाई अशी तीन नावे चिटबॉयकडे किंवा गट कार्यालयात द्यावीत. बाईचे नाव गाळू नये. पुराच्या छावणीत बाळंतीण आणि म्हाताऱ्या यांच्याजवळ कोण बसणार? नावाबरोबर वय, पोहता येते का, ट्रॅक्टर चालवता येतो का, आणि गावात जुनी पडकी विहीर किंवा वापरात नसलेली गोबरगॅसची टाकी कुठे आहे, हेही लिहून द्यावे. विहिरींची यादी आम्ही लागण नोंदीच्या वहीतच शेवटच्या पानावर करायला घेतली आहे.