धंदा मांडायला किती कागद लागतात?

कल्पना करा, २०१६च्या आधी सिंधमधल्या एका गावातून एक कापडवाला बायकामुलांसह इंदूरला आला आहे. डोळे मिटून, नुसतं चिमटीत धरून कापडाचा पोत सांगणारा माणूस! शहरात कापडाचा मोठा बाजार आहे. सिंधी कॉलनीत फाळणीनंतर येऊन स्थिरावलेले नातेवाईक आहेत. भांडवल उसनं मिळेल, गिऱ्हाईकही मिळेल. मग उद्या सकाळी तो दुकान का उघडू शकत नाही?

कारण कायद्याच्या लेखी तो निर्वासित नाहीच! १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारात भारत सामील नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे हा माणूस व्हिसावर राहणारा परदेशी, एवढंच.

आता गंमत पाहा. घाऊक व्यापाऱ्याला पैसे चुकते करायला बँकेत खातं लागतं. खातं म्हटलं की ओळखपत्र आणि पॅन आलं. माल पोचवायला टेम्पो चालवायचा तर लायसन्स हवं. देवासला किंवा उज्जैनला गिऱ्हाईक मिळालं, तर इंदूर सोडून जायला परवानगी हवी. हा सुतळीचा गुंता. एक गाठ सोडवायला जावं तर दुसरी घट्ट होते.

ऑगस्ट २०१६मध्ये केंद्र सरकारने या गुंत्यालाच हात घातला. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोक लाँग टर्म व्हिसावर राहत असतील, तर त्यांना बँक खातं उघडता येईल. पॅन, आधार, लायसन्स काढता येईल, राज्यभर फिरता येईल. राहण्यापुरतं घर आणि धंद्यापुरती जागा घेता येईल. आणि मुख्य म्हणजे, स्वतःचा धंदा करता येईल. गंमत अशी, की ज्या करारात आपण सामील नाही, त्याचं १८वं कलमही निर्वासिताच्या स्वतंत्र धंद्याबद्दलच आहे! मात्र ही सवलत तीन देश आणि सहा समाज यांच्यापुरतीच. म्यानमारमधून आलेला रोहिंग्या तिच्या बाहेरच राहिला.

नागरिकत्वाच्या नोंदणीचं शुल्क तीन हजार ते पंधरा हजार रुपयांपर्यंत होतं. ते थेट शंभर रुपयांवर आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशातल्या सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. त्यांत मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर होते आणि इंदूरही होतं. ज्या निर्णयासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसायचं, तो आता गावातल्याच कचेरीत!

पण कसब हातात नसून डिग्रीत असेल तर? पाकिस्तानात एमबीबीएस झालेला डॉक्टर इकडे आला की त्याला साधी सर्दीची गोळीही लिहून देता येत नव्हती. ऑगस्ट २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा स्थलांतरित डॉक्टरांकडून अर्ज मागवले. आधी चाचणी द्यायची, मग कायमची नोंदणी.

खरं आश्चर्य मात्र पंचाहत्तर-ऐंशी वर्षं मागे आहे. १९५१च्या जनगणनेत फाळणीने विस्थापित झालेले सुमारे ७३ लाख लोक मोजले गेले. एवढ्यांना काम द्यायचं कुठून? सरकारने हाताशी होतं ते वापरलं. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित राहिले. तिचंच १९४९मध्ये उल्हासनगर झालं. धंद्याला कर्ज देण्यासाठी १९४८मध्ये खास कायदा करून पुनर्वसन वित्त प्रशासन उभं केलं.

आणि नोकरी? दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम शोधून द्यायला १९४५मध्ये एक सरकारी यंत्रणा सुरू झाली होती. फाळणी होताच विस्थापितांचं काम तिच्याकडे आलं. १९४८च्या सुरुवातीला तिचं दार गरजू असेल त्या प्रत्येकाला उघडलं. ओळखलीत ना ही यंत्रणा? एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज! दहावी-बारावी झाल्यावर जिथे नाव नोंदवायला आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या रांगेत उभ्या राहिल्या, तेच ते.

म्हणजे सैनिक आणि निर्वासितांसाठी जी सोय झाली, ती पुढे सगळ्या देशाची झाली. निर्वासिताला काम मिळालं तर आपलं कमी होईल, अशी भीती नेहमीच घातली जाते. पण इथे तर त्यांच्या मागोमाग आपणच रांगेत जाऊन उभे राहिलो!