नाताळबाबाची कुरकुर

सणांवरची चित्रपुस्तकं सण समजावून सांगायला जातात आणि तिथेच फसतात. चार वर्षांच्या पोराला सणाचं महत्त्व नको असतं, त्या दिवशी कोण काय करतं ते हवं असतं. चित्रकार-लेखक रेमंड ब्रिग्ज यांचं १९७३ सालचं ‘फादर ख्रिसमस’ बघा. गजर होतो, उन्हाळ्याचं गोड स्वप्न मोडतं, बाहेर बर्फ! म्हातारा नाताळबाबा वैतागत चहा ठेवतो, रेनडिअर जुंपतो आणि थंडीच्या, धुराड्यांच्या नावाने बोटं मोडत घरोघर भेटी टाकतो. वाटेत दूधवाला भेटतो. ब्रिग्ज यांचे वडील लंडनमध्ये दूध टाकायचे. पहाटेच्या रतिबाची ती दमणूक चौकटी-चौकटीत उतरली आहे. येशूजन्माची गोष्ट इथे सांगितलेलीच नाही, तरी पुस्तक नखशिखान्त नाताळचं. त्याला मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांसाठीचं केट ग्रीनवे पदकही मिळालं.

कुणी म्हणेल, अशा कुरकुऱ्या बाबाने जादू जाते. पण घसरगाडी तर उडतेच की! उलट, थंडीत अंथरूण सोडायचा कंटाळा मुलांना चांगलाच ठाऊक असतो, म्हणून उडणंही पटतं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: ज्यांच्या घरी नाताळ नसतो, त्या मुलांना माहिती द्यायला नको? हवी, पण ती चित्रं देतात. धुराडं, टांगलेले मोजे यांवर बोट ठेवून मूल विचारतं, तेव्हा मोठ्यांनी सांगावं. दिवाळीच्या पुस्तकातही नरकासुराआधी पहाटेच्या अंधारात डोळे चोळत बंब पेटवणारं कुणीतरी दिसू दे.