पहिल्या दोन रांगा सोडून

पुण्यात संध्याकाळी सहा वाजता रिकामा माणूस सापडणे कठीण. त्याला काम असते म्हणून नव्हे, कार्यक्रम असतो म्हणून. आमच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर 'आजचे कार्यक्रम' असा एक रकाना येतो. टाइप इतका बारीक की चाळिशी लागली आहे की नाही हे तपासायला डॉक्टरकडे जायची गरज पडू नये. सकाळी पेपर आला की आमचे बाबा आधी निधनवार्ता वाचतात आणि मग हा रकाना. आई म्हणते, दोन्हीकडे नावे तीच असतात, फक्त रकाना बदलतो.

त्या रकान्यात काय नसते? कवितासंग्रहाचे प्रकाशन, ज्ञानेश्वरीवर प्रवचन, गुडघेदुखीवर मोफत मार्गदर्शन, कुणाच्या तरी पंचाहत्तरीचा सत्कार, जलरंगांचे प्रदर्शन, परदेशातून परत आलेल्या जोडप्याचे 'आम्ही पाहिलेला जपान'. सगळे एकाच संध्याकाळी, बहुतेक एकाच वेळी आणि बहुतेक एकमेकांपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर. आणि प्रत्येकाखाली ती ठरलेली ओळ: 'प्रवेश विनामूल्य. पहिल्या दोन रांगा निमंत्रितांसाठी राखीव.'

इंदूर, बडोदे, बेळगावच्या वाचकांना यात विशेष वाटणार नाही. निमंत्रित सगळ्याच गावांत असतात. पण पुण्यात ही ओळ घटनेतल्या कलमासारखी पाळली जाते. कार्यक्रमाला तिकीट ठेवले तर पुणेकर विचारतो, 'तिकीट कशाला?' फुकट ठेवला तर विचारतो, 'पंखा कुठल्या खुर्चीवर येतो?' आणि पहिल्या दोन रांगा रिकाम्या दिसल्या तरी तिसऱ्या रांगेतला माणूस उठून पुढे जात नाही. मान वाकडी करून तो राखीव खुर्च्यांच्या पाठीकडे बघत राहतो.

अस्मादिक पत्रकार असल्यामुळे त्या दोन रांगांत बसण्याचा योग वारंवार येतो, म्हणून आतली हकीकत सांगतो. आधी दीपप्रज्वलन. पंख्यामुळे मेणबत्ती विझते, पंखा बंद होतो, वात पेटते, पंखा पुन्हा लागतो, वात विझते. मग स्वागत, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ. 'वेळेचे भान ठेवून दोनच शब्द बोलतो' असे म्हणून वक्ते पंचवीस मिनिटे बोलतात. फोटो निघतात. एकदा फोटो निघाले की पहिल्या रांगेत चुळबुळ सुरू होते आणि घड्याळाकडे बघत एकेक निमंत्रित वाकून बाहेर पडतो. त्याला पुढच्या कार्यक्रमाला जायचे असते. तिथेही पहिल्या दोन रांगांत त्याची वाट बघत असतात. मूळ कार्यक्रम, म्हणजे ज्यासाठी मागची माणसे तासभर आधी येऊन बसलेली असतात, तो यानंतर सुरू होतो.

हे वेड आजचे नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. भर उन्हाळ्यात, आंब्याच्या दिवसांत, महिनाभर रोज संध्याकाळी लोकांनी घराबाहेर पडून एक भाषण ऐकावे, अशी कल्पना कुणाला सुचावी आणि लोकांनी खरोखरच यावे, हे नवलच. बाबा अजून टिळक स्मारक मंदिरात ही व्याख्याने ऐकायला जातात. परत आल्यावर विषय काय होता हे सांगत नाहीत, शेवटी कोणी काय प्रश्न विचारला ते सांगतात. पुण्यात प्रश्न विचारणाऱ्याचा प्रश्न मूळ भाषणापेक्षा मोठा असतो, हे तुम्ही ऐकून असालच.

नाही म्हणायचीही आम्हाला एक खोड आहे. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे. ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिराबाहेर पोरे 'आवाज कुणाचा' म्हणून घसा फोडत असतात. आम्हीही फोडला आहे. आमची एकांकिका पहिल्याच फेरीत पडली, तरी पुढचे दोन आठवडे आवाज बसलेलाच होता. तर २०२२ साली अंतिम फेरी झाली, नाट्यगृह भरले, निकाल लागला आणि परीक्षकांनी जाहीर केले की करंडकाच्या योग्यतेची एकांकिका यंदा नाही, सबब करंडक कुणालाच नाही. गावभर चर्चा झाली. पोरे हिरमुसली, जाणते दोन्ही बाजूंनी भांडले. बाबा मात्र खूश होते. 'इतक्या लोकांसमोर नाही म्हणायला छाती लागते,' म्हणाले.

गणेशोत्सवाबद्दल मी फारसे लिहीत नाही. तो सगळ्या देशाला टीव्हीवर दिसतो. मानाचे पाच गणपती पुढे, बाकीची मंडळे मागे. अनंत चतुर्दशीला सकाळी निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशी कधीतरी संपते. ढोलांचा सराव मात्र पावसाळ्यात, कित्येक आठवडे आधीच, नदीकाठी सुरू होतो. त्या दिवसांत बाबा कानातले यंत्र काढून डबीत ठेवतात. म्हणतात, 'आता त्याच्याशिवायच ऐकू येतंय, सेल कशाला घालवा?'

प्लॅन आणि पेन्सिल

बाबांचे खरे माहेर म्हणजे बालगंधर्व रंगमंदिर. ते २६ जून १९६८ ला उघडले तेव्हा बाबा शाळकरी होते. पुढे नोकरी लागल्यावर त्यांनी एक पद्धत ठेवली होती. नाटकाचा प्लॅन लागण्याच्या दिवशी सायकलवर तिकीट खिडकी गाठायची. पलीकडचा माणूस नकाशा पुढे सरकवून, कानामागची पेन्सिल काढून विचारायचा, 'कुठली देऊ?' बाबा बोट ठेवायचे. त्या बोटावर आमच्या घरात वाद झालेले मला आठवतात, कारण आईला खांबाजवळची नको असायची आणि बाबांना कडेची हवी असायची. मध्यंतरात बटाटेवडा. नाटक पडले तरी वडा पडला असे कधी झाले नाही.

आता तिकीट मोबाइलवर निघते. ते मीच काढतो. बाबा शेजारी बसून पडद्यावरच्या हिरव्या-करड्या चौकोनांकडे बघतात आणि बोट ठेवतात. बोट ठेवले की भलतीच खुर्ची ठरते आणि मग ओटीपी येईपर्यंत आम्ही दोघे एकमेकांवर रागावलेले असतो. रंगमंदिर पाडून नवे, मोठे बांधावे असा विषय अधूनमधून निघतो, मग त्याला विरोध होतो, मग सगळे शांत होते. बाबा या वादात पडत नाहीत. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

आता त्या संध्याकाळबद्दल.

मागच्या वर्षी शहरातल्या एका सभागृहात जुन्या नाट्यपदांचा कार्यक्रम होता. प्रवेश विनामूल्य, पुढचे वाक्य तुम्हाला पाठ झालेच आहे. मला पास आला होता. बाबांना मी म्हटले, गर्दी होईल, तुम्ही नका येऊ. त्यांनी मान हलवली. मी ऑफिसातून परस्पर गेलो आणि दुसऱ्या रांगेत बसलो. माझ्या पुढची आख्खी रांग रिकामी होती. खुर्च्यांच्या पाठीवर 'राखीव' असे कागद चिकटवले होते. दीपप्रज्वलन आटोपले आणि मी सहज मागे वळून पाहिले, तर दाराशी, भिंतीला टेकून बाबा उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, कानात यंत्र. पीएमपीच्या दोन बस बदलून आले होते.

मी उठून त्यांच्याकडे गेलो. 'माझ्या जागेवर बसा,' म्हटले. आम्ही दोघे पुढे निघालो तेवढ्यात झब्बा घातलेला एक पोरसवदा स्वयंसेवक आडवा आला. 'आजोबा, पुढे पास लागतो.' मी म्हटले, पास माझा आहे, हे माझे वडील. तो म्हणाला, 'सर, पास तुमच्या नावाचा आहे. तुम्ही बसा. यांना मागे बघतो काहीतरी.' मी रिकाम्या रांगेकडे बोट दाखवले. 'पाहुणे यायचेत,' तो म्हणाला. त्याचाही दोष म्हणावा तर त्याला तसेच सांगितले असणार.

त्या वेळी मी चार शब्द सुनवायला हवे होते. संयोजकांची मुलाखत दुसऱ्या दिवशी ठरली होती, ते समोरच विंगेत उभे होते आणि माझ्याकडे बघून हसलेही होते. मी घुटमळलो. तेवढ्यात बाबाच म्हणाले, 'जा तू, बस. मला इथून दिसतंय.' आणि ते भिंतीकडे परत गेले. मी खरोखरच जाऊन बसलो. माझ्यापुढच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. एक खुर्ची तेवढी भरली, तिच्यावर कुणीतरी पुष्पगुच्छ ठेवला.

पावणेदोन तास बाबा उभे होते. मी तीनदा मागे पाहिले. तिन्ही वेळा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि पिशवीच्या बंदावर बोटे ताल धरत होती.

परतताना रिक्षात मी गप्प होतो. नळ स्टॉप ओलांडल्यावर ते म्हणाले, 'तिसरं पद छान लागलं. तबलजी पोरगा हुशार आहे.' एवढेच. गुडघ्याला त्या रात्री आईने तेल लावले.

मुलाखत मी घेतली, छापूनही आली. रिकाम्या खुर्च्यांचा प्रश्न मी विचारला नाही.

रमणबागेतली झोप

डिसेंबर आला. डिसेंबर म्हणजे सवाई. पंडित भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव आमच्या घरात दिवाळीनंतरचा सण असतो. शनिवार पेठेत, रमणबाग शाळेच्या मैदानावर तो रात्रभर चालायचा त्या दिवसांत मी लहान होतो. बाबा सतरंजी, शाल, माकडटोपी आणि चहाचा थर्मास घेऊन निघायचे. मी त्यांच्या मांडीवर झोपायचो. त्यामुळे मोठमोठ्या गवयांना मी ऐकले आहे असे म्हणता येईल, ऐकताना जागा होतो असे म्हणता येणार नाही. पहाटे गार वाऱ्यात बाबा हलवायचे, 'ऊठ, भीमसेन बसतायत.' मी उठायचो, गर्दीच्या डोक्यांवरून एक वर गेलेला हात दिसायचा आणि मी पुन्हा झोपायचो. तिथे जाजमावर कुणाची जागा राखीव नसे. जो आधी येईल त्याची सतरंजी पुढे. शेजारी बसलेला माणूस बँकेचा मॅनेजर की रिक्षावाला हे दाद ऐकून कळत नसे.

रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर बंधने घालणारे नियम २००० साली आले आणि रात्रभराच्या बैठकी गेल्या. झोपणाऱ्यांचाही हक्क असतो, तो मी लहानपणी पुरेपूर बजावलेला असल्याने तक्रार करत नाही. भीमसेनजी २०११ च्या जानेवारीत गेले. महोत्सवाच्या नावात आता त्यांचेही नाव आहे. २०१८ पासून मैदानही बदलले, मुकुंदनगरला गेले.

तर डिसेंबरात मी बाबांसाठी पास मिळवला. पुढचा, सोफ्याचा. त्यांच्या हातात दिला. नाव त्यांचेच घालून घेतले होते, या वेळी चूक केली नव्हती. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या आणि परत दिला.

'नको.'

'अहो, पण तुम्हाला खाली बसवत नाही आता.'

'खुर्चीचं तिकीट काढ मागचं. पासावर बसलं की दाद देता येत नाही मोकळी. देणाऱ्याचं तोंड आठवतं.'

मी दोन तिकिटे काढली. भारतीय बैठकीच्या मागे, खुर्च्यांत, पडद्याजवळ. पुढे जाजमावर बसलेल्या मंडळींकडे बाबा अधूनमधून हेव्याने बघत होते. मध्येच एका तानेला त्यांनी असा काही 'क्या बात है' म्हणून आवाज दिला की पुढच्या चार रांगा मागे वळल्या. यंत्र कानात असले की स्वतःच्या आवाजाचा अंदाज येत नाही म्हणतात. मला वाटते त्यांना आला होता. दहाला सगळे आटोपले. बाहेर पार्किंगमध्ये माझी गाडी अडकलेली, थर्मासमध्ये अर्धा चहा शिल्लक. तो तिथेच उभ्याने प्यालो. 'पूर्वी या वेळेला नुसते तंबोरे लागायचे,' बाबा म्हणाले.

पासाचे काय केले, असे तुम्ही विचाराल. ऑफिसातल्या एकाला दिला. तो पहिल्या कलाकारानंतर निघून गेला. त्याला दुसरा कार्यक्रम होता.

परवा सकाळी बाबा 'आजचे कार्यक्रम' वाचत होते. हातात पेन्सिल. एका ओळीखाली रेघ मारून पेपर माझ्याकडे सरकवला. नाट्यसंगीत, सायंकाळी सहा वाजता, प्रवेश विनामूल्य, पहिल्या दोन रांगा वगैरे. सभागृह तेच.

'साडेचारला सुटशील का ऑफिसातून?' त्यांनी विचारले. 'पाचला पोचलो तर तिसऱ्या रांगेत कडेची मिळते. माझा हिशेब आहे. आणि हे बघ, तुला पास आलेला असेल तर आणू नकोस.'

पास आलेला होता. आईला दाखवला, तिने त्यावर मागच्या बाजूला किराण्याची यादी लिहिली.